दहा मीटरला एक किलो

स्कूबासाठी, म्हणजे पाण्याखाली श्वास घेत फिरण्यासाठी, जो सिलिंडर पाठीवर बांधतात त्यात ऑक्सिजन नसतो. हवा असते. आपण दुकानात बसून घेतो तीच, फक्त गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पाण्याखालचे फोटो टाकल्यापासून आमच्या चोपडा गावात जो भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो. दुसरा प्रश्न असतो, "भाऊ, भीती नाही वाटली?" आणि आईचा प्रश्न तर मी निघायच्या आधीपासूनच चालू होता: "पानीमा काय से रे भाऊ?" पाण्यात काय आहे, हे तिला तोंडी सांगता सांगता बरंच काही सुचत गेलं. म्हटलं लिहूनच काढावं.

आमचं मोटारपंपाचं दुकान आहे. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, रिवाइंडिंग, विहिरीतली मोटार ओढून काढणं, सगळं करतो. म्हणजे पाण्याची खोली हा माझ्या रोजच्या हिशेबातला विषय. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, पाणी किती फुटांवर आहे, डिलिव्हरी किती लांब आहे. मग हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, काढायचा आणि पंप सांगायचा. या धंद्यातला पहिला पाढा असा की दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो प्रेशर, दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार. पाइपात उभं असो, विहिरीत असो, समुद्रात असो, हिशेब तोच. समुद्राचं पाणी खारट म्हणून थोडं जड, एवढाच फरक.

लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीत फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाच्या जाळीदार झडपेला, पालापाचोळा अडकला की काका बुडी मारून काढायचे. पाइप धरून खाली जायचे, हाताने जाळी साफ करायचे आणि वर येऊन कान चोळत बसायचे. मीही मोठा झाल्यावर तेच केलं. कान का दुखतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खाली गेलं की दुखतात, एवढंच माहीत. ते का दुखतात आणि न दुखवता कसं जायचं, हे मला समुद्रावरच्या पहिल्या अर्ध्या तासात कळलं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, की कानाच्या पडद्यामागे हवा जाते आणि आतलं-बाहेरचं प्रेशर सारखं होतं. दुखायला लागल्यावर नव्हे, आधीच करायचं, दर हातभर खोलीला करायचं. आमच्या काकांना कुणी एवढं एक सांगितलं असतं तर!

खान्देशाला समुद्र नाही. तसा तापीला आहे. ती सुरतेजवळ खंभातच्या आखातात उतरते आणि नकाशावर आम्हाला तोच समुद्र सगळ्यात जवळचा. पण तिथे भरती-ओहोटी जबर आणि पाणी गाळाने भरलेलं, त्यामुळे स्कूबासाठी तिकडे कुणी जात नाही. आपली माणसं जातात मालवणला, तारकर्लीला. तेही बहुतेक वेळा गाडी करून, चार घरं मिळून, गणपतीपुळे, मालवण, गोवा अशी धावती सहल. त्यात स्कूबा म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. होडीतून नेतात, मास्क लावतात, एक मुलगा मागून धरून खाली नेतो, समोर दुसरा कॅमेरा घेऊन. वर आलं की व्हिडिओ मोबाइलमध्ये.

माझीही सुरुवात तिथूनच झाली आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. मालवणचा तो मुलगा माझ्या मागे होता, "मी आसंय" एवढंच म्हणाला, आणि त्याच्या हाताच्या पकडीत खरोखर धीर होता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, १९८७ साली तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या खडकावर किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याच खडकांच्या मुळाशी आपण उतरतोय, ही जाणीव मला आजही अंगावर काटा आणते. पण तो पंधरा मिनिटांचा प्रकार म्हणजे पाणी पाहणं, पाण्यात राहणं नव्हे. वर जायचं की खाली, कुठे वळायचं, किती हवा उरली, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. काही ठिकाणी तर माणसांना फोटोसाठी चक्क प्रवाळावर उभं करतात आणि मासे जमावेत म्हणून ब्रेड टाकतात. ते पाहून मला फार वाईट वाटलं. पायाखालचा तो दगड दिसतो, पण तो जिवंत प्राण्यांचा आहे, एका पायाने मोडेल आणि भरून यायला वर्षं लागतील.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. एवढ्या लांब जाताय तर स्कूबा करून येऊ नका, शिकून या. चार दिवस एका जागी थांबा, कोर्स करा. ओपन वॉटर नावाचा पहिला कोर्स असतो, तीन-चार दिवसांचा, आणि त्यावर जगात कुठेही जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरता येतं. पॅडी, एसएसआय अशा संस्थांची प्रमाणपत्रं असतात. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही शिकवतात. मी आणि बायकोने शिकायला अंदमान निवडलं, हॅवलॉक बेट. आता त्याचं नाव स्वराज द्वीप.

बायकोबद्दल सांगायलाच हवं, कारण वहिनी आणि काकू मंडळींचे प्रश्न तिच्याकडे येतात. ती रावेरकडची, केळीच्या बागांमधली. माहेरी पाटाच्या पाण्यात पोहायला शिकली आणि लग्नानंतर पाण्यात उतरलीच नव्हती. तिला कपड्यांचा संकोच होता. तर स्कूबाचा जो वेटसूट असतो तो मानेपासून पायांपर्यंत, किंवा निदान गुडघ्यापर्यंत, अंग झाकणारा असतो. पोहण्याच्या तलावापेक्षा इथे संकोच कमी. कोर्समध्ये सुरुवातीला २०० मीटर पोहून दाखवायचं असतं, कोणत्याही पद्धतीने, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगायचं. तिने हे माझ्याआधी पार केलं.

त्या कोर्समध्ये मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर रेग्युलेटर. तोंडात धरतो ती वस्तू. आमच्या इन्स्ट्रक्टरला कळलं की मी पंपवाला आहे. संध्याकाळी त्याने दुरुस्तीच्या टेबलावर एक उघडून दाखवला. आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण ज्याला पंप कळतो त्याला हे ऐकून आनंद होईल.

विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप पाणी खालून किती उचलतो? पुस्तकात दहा मीटर, प्रत्यक्षात सात-आठ. त्यापुढे कितीही हॉर्सपॉवर लावा, उचलणार नाही. कारण पंप पाणी ओढत नसतो, तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचं प्रेशर पाणी वर ढकलतं. ते प्रेशरच एक किलोचं, म्हणजे दहा मीटरचं. आपल्या छातीचंही असंच, फक्त ती पंपापेक्षा फार दुबळी. लांब नळी घेऊन पाण्याखाली बसावं आणि वरून श्वास घ्यावा, असं लहानपणी प्रत्येकाला वाटतं. पण मीटरभर खोलीलाच छातीवर पाण्याचा एवढा दाब येतो की वरची साधी हवा आत ओढणं अशक्य होतं. म्हणजे श्वास घ्यायचा तर मिळणारी हवाही आजूबाजूच्या पाण्याइतक्याच प्रेशरची हवी. पाच मीटरला तेवढी, पंधरा मीटरला तेवढी, आपोआप बदलणारी.

ते काम रेग्युलेटर करतो. सिलिंडरमध्ये २०० किलोच्या आसपास प्रेशर. सिलिंडरच्या तोंडाशी पहिला टप्पा ते उतरवून पाण्याच्या प्रेशरपेक्षा नऊ-दहा किलो जास्त इतकं ठेवतो. तोंडाजवळच्या दुसऱ्या टप्प्यात रबराचा एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आपलं तोंड. श्वास घेतला की पडदा आत झुकतो, एक बारीक दांडी दाबतो, झडप उघडते, हवा येते. श्वास थांबला की स्प्रिंग झडप बंद करते. वीज नाही, सेन्सर नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी ही युक्ती बसवली. तो पडदा बोटाने दाबून पाहिला आणि फुस्स करून हवा सुटली तेव्हा मला जो आनंद झाला, तो पहिला मासा पाहून झालेल्या आनंदापेक्षा कमी नव्हता. आयुष्यभर झडपा, पॅकिंगं आणि स्प्रिंगा हाताळलेल्या माणसाला एवढ्या सोप्या गोष्टीवर माणसाचा जीव विश्वासाने टांगलेला दिसला, की हात जोडावेसे वाटतात.

हवेचा हिशेबही मग डिझेलच्या टाकीसारखा बसतो. सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० किलोला भरलेला, म्हणजे पाण्याबाहेरच्या साध्या प्रेशरच्या हिशेबाने २,२०० लिटर हवा. ५० किलो राखीव ठेवून वर यायचं असतं. उरली १,६५० लिटर. माणसाला निवांत असताना मिनिटाला वीस लिटर धरा. पण दहा मीटरला हवेचं एक किलो आणि पाण्याचं एक किलो मिळून प्रेशर दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते, वीस मीटरला तिप्पट. म्हणजे दहा मीटरला चाळीसेक मिनिटं, वीस मीटरला सत्तावीस-अठ्ठावीस. घाबरून धापा टाकल्या तर याच्या अर्धं. म्हणून जुने डायव्हर इतके सावकाश हलतात. बायकोची हवा माझ्यापेक्षा नेहमी जास्त उरते आणि तिला याचा रास्त अभिमान आहे.

याच गणितातून सगळ्यात मोठा नियम निघतो: श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत बुडी मारणाऱ्याची सवय नेमकी उलटी असते. पण विहिरीत आपण वरून भरलेला श्वास घेऊन खाली जातो आणि तोच घेऊन वर येतो. इथे दहा मीटरवर भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, आणि तोंड बंद असेल तर फुप्फुस फाटू शकतं. शिवाय हवेतला नायट्रोजन प्रेशरखाली रक्तात विरघळतो. झपकन वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ते थांबणं मला फार आवडतं. खाली निळं, वर चकाकतं, आणि काहीच करायचं नसतं.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो, पाण्यात काय आहे.

हॅवलॉकला नेमो रीफ नावाची जागा आहे, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं. तिथे समुद्रफुलाच्या झुबक्यात नारिंगी-पांढरे क्लाउनफिश राहतात. ते झुबके इतर माशांना डंख करतात, यांना नाही. एका झुबक्यात एक कुटुंब, आणि सगळ्यात मोठी असते ती मादी. बाकीचे नर. ती मेली की मोठ्या नराचीच मादी होते. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, देवाने कुठे कुठे काय करून ठेवलंय.

पोपटमासा प्रवाळ दातांनी खरवडतो, आणि पाण्याखाली ते कुरुम कुरुम आपल्याला ऐकू येतं. आवाज कुठून येतोय ते मात्र कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने धावतो आणि दोन्ही कानांना जवळपास एकदमच पोहोचतो. त्या माशाच्या पोटातून खरवडलेलं प्रवाळ वाळू होऊन बाहेर पडतं. अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो. आणखी एक, एका ठरलेल्या खडकापाशी मोठे मासे येऊन तोंड उघडून थांबतात आणि बोटाएवढे निळे-काळे मासे त्यांच्या तोंडात, कल्ल्यांत शिरून सफाई करतात. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे जरा लांब थांबून राहतात. मी तिथे हवा संपत येईपर्यंत बघत राहिलो.

माझ्या मनगटाला मनुदेवीचा लाल धागा होता. बारा मीटरवर तो मला मळकट काळा दिसला आणि क्षणभर वाटलं की रंग गेला. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, पहिल्या काही मीटरमध्येच. इन्स्ट्रक्टरने त्यावर टॉर्च धरला, आणि धागा पुन्हा लालभडक. मग त्याने तोच टॉर्च शेजारच्या करड्या वाटणाऱ्या खडकावर फिरवला. तो खडक तांबडा, शेंदरी, जांभळा होता. सगळा रंग तिथेच होता, फक्त उजेड पोहोचत नव्हता. पंधरा मिनिटांच्या डाइव्हमध्ये हे कुणी दाखवत नाही, आणि दाखवलं तरी मास्कमधल्या पाण्याच्या भीतीत आपल्याला दिसत नाही. चार दिवसांनी दिसतं.

शरीर स्थिर ठेवायला शिकणं हा कोर्सचा गाभा. कमरेला शिसं, अंगात हवा भरायचं जॅकेट, आणि बाकी सगळं छातीवर. श्वास आत घेतला की हळूहळू वर, सोडला की खाली. हात मारायचे नाहीत. हे जमलं की प्रवाळापासून हातभर अंतरावर लोंबकळत राहता येतं, काहीही न शिवता. न शिवणं हीच खरी कमाई. तिथे समुद्रकाकडी असते, काकडीसारखा दिसणारा प्राणी, तिलाही हात लावायचा नसतो. वन्यजीव कायद्याने तिला आणि प्रवाळालाही संरक्षण आहे, त्यामुळे शोकेससाठी तुकडा आणायचा विचार कुणी करू नये.

काही ठिकाणी प्रवाळ पांढरंफटक होतं. सुरुवातीला मला ते सुंदर वाटलं, मग इन्स्ट्रक्टरने पाटीवर लिहून सांगितलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला बहुतेक अन्न आणि रंग देतं. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंशच जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि उपाशी पडतं. पाणी लवकर थंड झालं तर सावरतं, नाही तर मरतं. अंदमानात २०१० साली असा मोठा फटका बसला होता. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा चौथ्या लाटेची घोषणा केली. आम्ही भुसावळकडच्या ४५-४६ अंशांत उभे राहून कामं करणारी माणसं, एका अंशाला कोण विचारतो? तिथे त्या एका अंशाने डोंगरच्या डोंगर पांढरे पडतात. ते पाहिल्यापासून उन्हाळ्यातल्या तापमानाची बातमी मी वेगळ्या मनाने ऐकतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मालवणचा समुद्र पावसाळ्यात बंद, जून ते सप्टेंबर. नेमका तेव्हाच आमचा धंदा मंदा, पण इलाज नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, तरी काही मीटरच दिसतं, हिरवट. मंगला एक्स्प्रेस जळगावहून थेट कोकण रेल्वेने जाते, गाडी बदलायची कटकट नाही. अंदमानला जानेवारी ते एप्रिल उत्तम. विमानाने पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि तिथून बोटीने दोनेक तासांत हॅवलॉक. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. सकाळी पोट भरून खाऊ नका. आम्ही कळण्याच्या पिठाची पुडी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. डाइव्हनंतर जी भूक लागते तिला हॉटेलचं सँडविच पुरत नाही.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्या. तो दिवस हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर घालवा. मालवणहून परतणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण कोर्सचे डाइव्ह करून लगेच गाडीने घाट चढणं म्हणजेही उंचीवर जाणंच. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

दमा, हृदयाचा त्रास, कानाचं जुनं दुखणं, फिट येणं, गरोदरपण, यातलं काही असेल तर लपवू नका. कोर्सच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो, आणि एखाद्या प्रश्नाला उत्तर "हो" असेल तर डॉक्टरची सही लागते. ती इथूनच घेऊन गेलेलं बरं, बेटावर डॉक्टर शोधत दिवस जातो. मुलांना दहा वर्षांपासून शिकता येतं. माझी भाची आता त्या वयाची झाली आहे आणि तिने मामाच्या मागे लकडा लावलाय, म्हणून सध्या रोज सकाळी तिला पोहायला नेतो.

या जानेवारीत दुकान धाकट्या भावावर सोपवून आम्ही कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जाणार आहोत. बरोबर यायचं असेल त्याने दिवाळीच्या आधी दुकानावर यावं. आरोग्याच्या फॉर्मच्या झेरॉक्स गल्ल्याशेजारी ठेवल्या आहेत.